बॅलीवॉन आणि बरनचे खडक: पश्चिम आयर्लंडमधले तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आयर्लंडला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, डब्लिन आणि मोहरचे कडे ही दोन नावं हमखास ऐकायला मिळतात. सकाळी डब्लिनहून बस, दुपारी कड्यांवर फोटो, रात्री परत. त्या वाटेवरचं बॅलीवॉन खिडकीतून दिसतं आणि मागे पडतं. क्लेअर काउंटीच्या उत्तर टोकाला, गॉलवेच्या उपसागराच्या दक्षिण काठावरचं हे गाव. वस्ती तीनशेच्या आतबाहेर. एक चौक, जुना धक्का, किराणा दुकान, थोडे पब. पाठीशी बरन, म्हणजे करड्या चुनखडीचे उघडे डोंगर.

हा भाग मुक्काम करून पायी हिंडण्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण तिकडे जाऊन आलेत, काही जण आयर्लंडमध्येच नोकरी-शिक्षण करताय. काय पाहिलंत, कुणाशी बोललात, काय खाल्लंत, सगळं सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. लांबून हे डोंगर ओसाड वाटतात. खाली वाकून बघितलं की चित्र पालटतं. मोठमोठ्या फरशा अंथरल्यासारखा खडक आणि दोन फरशांच्या मधे खोल भेगा. एका भेगेत कोपरापर्यंत हात घातला, तर आत गारवा, ओल आणि हिरवेगार नेचे. वर वारा इतका की टोपी टिकत नाही, आणि आत पानही हलत नाही. फरशीवर बोट फिरवलं की प्रवाळांचे जीवाश्म हाताला लागतात. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी हा खडक घडला. पुढे हिमनद्यांनी त्याला घासून उघडं केलं. मे महिन्यात गेलात तर स्प्रिंग जेंशियन शोधाच. फूल नखाएवढं, पण त्याचा निळा रंग फोटोत पकडता येत नाही. आर्क्टिक प्रदेशातलं माउंटन ॲव्हन्स आणि भूमध्य समुद्राकडचं ऑर्किड इथे एकमेकांना खेटून उगवतात. आयर्लंडच्या देशी वनस्पतींपैकी सुमारे 70 टक्के या एवढ्याशा टापूत सापडतात.

गॉलवेत शिकणारी विद्यार्थिनी

माझ्याकडे गाडी नाही, तरी अडलं नाही. गॉलवेहून 350 क्रमांकाची बस किनवाराहून बॅलीवॉनला येते आणि पुढे फॅनोर, लिसडूनवार्ना, डूलिन करत मोहरच्या कड्यांकडे जाते. किनवाराला येताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, कारण खाडीकाठचा डनग्वेअर किल्ला तिकडूनच दिसतो. उतरताना प्रत्येक जण चालकाला ‘थँक यू’ म्हणतो, शाळकरी पोरंसुद्धा. आता मी पुण्यात पीएमपीएमएलमधून उतरतानाही म्हणते.

मला सांगायचंय ते रात्रीच्या संगीताबद्दल. पबच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती माणसं जमतात. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, आणि क्लेअरची खास ओळख असलेली कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी. मंच नाही, माइक नाही. एकानं सूर धरला की बाकीचे त्यात शिरतात, आणि एक धून संपता संपता दुसरी सुरू होते. जवळच्या किलफेनोरा गावचा केली बँड, म्हणजे आयरिश लोकनृत्याला साथ करणारा वाद्यवृंद, 1909 पासून चालू आहे. त्या टेबलाशी पन्नाशीच्या बाईंच्या शेजारी बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाजवत होता. तो चुकला की त्या नुसत्या त्याच्याकडे बघून लय थोडी ठळक करायच्या. मी लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकले आहे, त्यामुळे ही शिकवणी मला लगेच ओळखू आली.

बालरोगतज्ज्ञ, सध्या आयर्लंड

गावापासून दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर पूलनाब्रोन आहे. उभ्या शिळांवर तिरकी टेकवलेली एक प्रचंड सपाट शिळा. अश्मयुगीन थडगं आहे हे. 1985 मध्ये एका उभ्या शिळेला तडा गेलेला आढळला, म्हणून दुरुस्ती करायची ठरली आणि त्या निमित्तानं उत्खनन झालं. आत किमान 33 माणसांचे अवशेष निघाले. बायका, पुरुष, लहान मुलं. काळ इसवी सनापूर्वी 3800 ते 3200. बहुतेक प्रौढ तिशीच्या आतच गेलेले, आणि हाडांवर कष्टाच्या खुणा.

या 33 जणांत एक तान्हा मुलगा होता. 2020 मध्ये आयर्लंडमधल्या प्राचीन डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या बाळाला डाउन सिंड्रोम होता असं निष्पन्न झालं. तोवर माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं उदाहरण. हाडांतल्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, आणखी एक गोष्ट कळली: त्याला अंगावरचं दूध पाजलं जात होतं. जगलं असेल जेमतेम सहा महिने.

माझ्या ओपीडीत अशी बाळं येतात. दूध ओढायची ताकद कमी असते, आई तासन्‌तास प्रयत्न करत बसते. साडेपाच हजार वर्षांपूर्वी या खडकाळ माळावर कुणीतरी तेच करत होतं, आणि बाळ गेल्यावर त्याला बाकी सगळ्यांबरोबर, याच मानाच्या जागी ठेवलं. माहितीफलक वाचणारे पर्यटक शिळेचं वजन विचारतात. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला आधी या बाळाबद्दल सांगतो.

मूळचा राजापूरचा, आता कॉर्कमध्ये

मला तिथले गडगे बघून घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे जांभ्याचे, इथे चुनखडीचे, पण रचण्याची रीत तीच. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड. काही गडगे एकाच थराचे आणि मुद्दाम फटी ठेवलेले, म्हणजे अटलांटिकचा वारा आरपार जातो, भिंत पडत नाही.

एका शेतकऱ्याशी गडग्यापलीकडून बराच वेळ बोललो. सगळीकडे गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात आणि थंडीत खाली आणतात. इथे उलटं. ऑक्टोबरअखेर गुरं वर चढवतात आणि वसंतात उतरवतात. याला म्हणतात विंटरेज. उन्हात तापलेली चुनखडी ऊब धरून ठेवते, पाणी खाली झिरपून जातं, त्यामुळे गुरांना बसायला जागा कोरडी मिळते. ती हिवाळाभर जाडंभरडं गवत खाऊन टाकतात, म्हणून वसंतात नाजूक फुलांना ऊन मिळतं. गुरं बंद केली की हेझलचं झुडूप माजतं आणि फुलं जातात. एके काळी निसर्ग वाचवायचा म्हणजे चराई थांबवायची, असंच तज्ज्ञांचं म्हणणं असे. नंतर शेतकऱ्यांना सोबत घेऊन बरनलाइफ हा प्रकल्प झाला. शेताच्या गवताला दहापैकी गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे पैसे, ही पद्धत इथे रुजली. ‘माझ्या कुरणाला नऊ मिळाले’ हे त्यानं असं सांगितलं, जसं आपल्याकडे मुलाचे दहावीचे मार्क सांगतात.

इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यातला अधिकारी एडमंड लडलो 1651 मध्ये बरनबद्दल म्हणाला होता की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. हे वाक्य सगळे सांगतात. त्यानं त्यापुढेच लिहून ठेवलंय की तरीही इथली गुरं चांगली धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांमधलं गवत गोड आणि कसदार आहे. शेतकऱ्याला हा पुढचा भाग तोंडपाठ होता.

मालवणची, लिमरिकला नोकरी

आम्ही उतरलो त्या बी अँड बीच्या, म्हणजे न्याहारीसह घरगुती मुक्कामाच्या जागेच्या, मालकीणबाईंनी गाव विचारलं. मालवण म्हटल्यावर काही कळेना, मग मी लिओ वराडकरांचं नाव घेतलं. आयर्लंडच्या या माजी पंतप्रधानांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. झालं, बाई खुर्ची ओढून बसल्याच. वराड किती लांब, तिथे पाऊस किती पडतो, ते आले तेव्हा गावाने काय केलं, सगळं विचारून घेतलं.

सकाळी न्याहारीला रेडिओ चालू होता, क्लेअर एफएम. एकदम त्यांनी आवाज वाढवला आणि हातातलं काम थांबवलं. काउंटीत कोण वारलं, अंत्यविधी कुठे, किती वाजता, हे रोज वाचून दाखवतात. बाईंनी एक नाव ऐकलं, वेळ कागदावर टिपली. ओळख फार नव्हती, मयताच्या बहिणीशी कधीकाळी शाळेत ओळख होती इतकंच. तरी जाणार होत्या. जायलाच हवं, म्हणाल्या. मला आमच्या वाडीतली माणसं आठवली आणि डोळे भरून आले.

लेकीकडे डब्लिनला आलेली आई, नाशिक

मी शाकाहारी, शिवाय गुडघे दुखरे. सगळ्यांनी घाबरवलं होतं, पण छान निभावलं. भाज्यांचं गरम सूप, गव्हाचा ब्राउन ब्रेड आणि त्यावर लोणी. हे जवळपास सगळीकडे मिळतं आणि पोट भरतं. सुपात मांसाचा स्टॉक आहे का तेवढं विचारायचं. चहा कडक, दूध घालून. मसाल्याची पुडी पर्समध्ये होतीच.

डोंगर चढता येत नाही त्यांनी कॉर्कमरो मठ बघावा. गाडी जवळपर्यंत जाते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा सिस्टर्शियन साधूंचा मठ आहे, छप्पर बरंचसं गेलंय. खांबांच्या माथ्यावर दगडात पानंफुलं कोरली आहेत. जावई म्हणाले, ही इथल्याच रानातली आहेत. भिंतीतल्या कोनाड्यात कोनर ओब्रायन राजा दगडात आडवा पहुडलाय, 1268 मध्ये गेलेला. आजूबाजूला गावातल्या लोकांच्या अलीकडच्या कबरी आहेत, त्यांवर ताजी फुलं होती.

डब्लिनकर, दरवर्षी जाणारा

थोडं कामाचं. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या शेंगेन व्हिसात आयर्लंड नाही, आईवडिलांना बोलवताना वेगळा व्हिसा लागतो. रस्ते अरुंद, मधोमध गवत उगवलेले. समोरची गाडी आली की जो बाजूला घ्यायच्या जागेच्या जवळ असेल तो गाडी मागे घेतो, आणि जाताना स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानतो. तुम्हीही उचला.

आणि कळकळीची विनंती. पूलनाब्रोनच्या आसपास लोक दगडांचे छोटे मनोरे रचतात. ते दगड उचलले की त्याखालची झाडं, किडे उघडे पडतात, आणि कधी कधी दगड जुन्या गडग्यातून काढलेला असतो. कुणी रचताना दिसलं तर मी जाऊन सांगतो.

लहान मुलं बरोबर असतील तर भेगांमध्ये पाय अडकतो, त्यामुळे घोटा झाकणारे बूट घाला आणि ओल्या खडकावर नेऊ नका. पाऊस असला तर एलवी गुहा आहे. तिथे आत अस्वलांची हाडं सापडली होती, ते सांगितलं की पोरं निमूट चालतात. ऊन पडलं तर फॅनोरचा वाळूचा किनारा. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, जेवण उरकून गेलात तरी चालेल.