आजोबा नुकतेच गेलेत, सहा वर्षांच्या मुलीला ‘कोको’ दाखवावा का?

मुक्ता_नाशिक
माझी मुलगी पहिलीत आहे. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, या उन्हाळ्यात गेले. दोघांची फार गट्टी होती, शाळेतून आणायला तेच जायचे. ती रडत बसत नाही. जेवते, खेळते. पण रोज झोपायच्या आधी हॉलमधल्या त्यांच्या फोटोपुढे उभी राहून दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगते. नणंद म्हणते, तिला पिक्सारचा ‘कोको’ दाखव, गेलेल्या माणसांवर इतका मायेचा सिनेमा दुसरा नाही. मी ट्रेलर पाहिला तर सगळीकडे सांगाडेच. घाबरेल का? आणि मुळात आत्ता दाखवावा का? गोष्ट आधी कळली तरी मला चालेल, मोकळेपणाने सांगा.

स्वप्निल_के
बिनधास्त दाखवा. सांगाडे अजिबात भयानक नाहीत, टोप्या-झगे घालून नाचतात, गातात. अमेरिकेत त्याला पीजी मिळालंय, म्हणजे आईबाबांनी सोबत बसावं एवढंच. आमच्याकडे दोन्ही मुलांचा आवडता आहे.

वैजयंती_बालविभाग
मुक्ता, मी वाचनालयाच्या बालविभागात शनिवारी मुलांना सिनेमे दाखवते. ‘कोको’ (२०१७) आमच्याकडे दर दिवाळीच्या सुट्टीत लागतो, त्यामुळे मुलं कुठे चुळबुळतात, कुठे एकमेकांना चिकटून बसतात, हे मला पाठ झालंय. सांगाड्यांबद्दल स्वप्निल म्हणतात ते खरं आहे. पाच मिनिटांत मुलं ते विसरतात.

ती घाबरतात दुसऱ्याच गोष्टींना. सिनेमाचा नायक मिगेल हा लहान मुलगा, त्याची आजी सगळ्यांसमोर त्याची गिटार आपटून फोडते, तिथे खोली एकदम गप्प होते. पुढे तो मृतांच्या जगात पोचतो आणि तिथे त्याची बोटं हळूहळू हाडांची व्हायला लागतात, सूर्योदयाच्या आत परतला नाही तर तो तिथलाच होणार असतो. त्यानंतर ज्याला तो आपला खापरपणजोबा समजत असतो, तो प्रसिद्ध गायकच त्याला खोल खड्ड्यात टाकतो. आणि याच गायकाने आपल्या मित्राला विष पाजलं होतं, हेही उघड होतं. रक्त दिसत नाही, पण आपला माणूस घात करतो ही गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला नीट कळते.

तुमच्या मुलीसाठी मात्र मला यातलं काहीच मोठं वाटत नाही. मला काळजी आहे ती चिचारोनची. साधारण मध्यावर हा म्हातारा सांगाडा झोळीत पडलेला असतो. हेक्टर, म्हणजे विष पाजलेला तोच मित्र, त्याला एक गाणं म्हणून दाखवतो आणि गाणं संपता संपता तो सोनेरी उजेड होऊन विरून जातो. का, तर जिवंत माणसांत त्याची आठवण असलेलं कोणी उरलेलं नसतं. अख्खा सिनेमा याच नियमावर उभा आहे. पुढे हेक्टरही तसाच विरायला लागतो, कारण त्याची मुलगी कोको, म्हणजे मिगेलची पणजी, म्हातारी झालीय आणि तिला विसर पडत चाललाय. मोठ्यांना हे फार सुंदर वाटतं, मलाही वाटतं. पण जी मुलगी रोज फोटोशी बोलते, ती यातून असंही समजू शकते की मी एक दिवस विसरले तर आजोबा नाहीसे होतील. एवढ्याशा जिवावर हे ओझं नको.

शेवटी एक वर्ष उलटतं आणि कोकोपणजीचा फोटोही घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंच्या रांगेत दिसतो. ती गेली हे कोणी तोंडाने सांगत नाही. मुलं हटकून विचारतात, ‘पणजी कुठे गेली?’ उत्तर मनात तयार ठेवा.

प्रमाणपत्र बघावं, पण त्याचा उपयोग किती ते ओळखून. २०२३ च्या कायदादुरुस्तीने आपल्याकडे यूएचे, म्हणजे मुलांनी आईबाबांच्या देखरेखीत बघायच्या सिनेमांचे, ७+, १३+, १६+ असे भाग झाले, ओटीटीवर तसे टप्पे २०२१ पासूनच आहेत. त्यात मारामारी, भीती, शिव्या, नशा असलं बघतात. या घरातलं माणूस नुकतंच गेलंय, हे कुठल्या शिक्क्यात मावणार?

तरीही मी दाखवा असंच म्हणेन. आधी तुम्ही दोघं बघा. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी, उजेडात, तिला जवळ घेऊन बसा. रात्री नको, ते सगळं मनात घेऊन झोपायला जावं लागतं. चिचारोनचा प्रसंग आला की थांबवा आणि सांगा, ही मेक्सिकोतल्या लोकांची कल्पना आहे, ते १ आणि २ नोव्हेंबरला झेंडूची फुलं आणि फोटो मांडून आपल्या माणसांना बोलावतात. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतो, तसं. झेंडू मूळचा तिकडचाच, हे मुलांना फार आवडतं.

देशपांडे_चिंचवड
वैजयंतीताईंनी नेमकं बोट ठेवलंय. सिनेमा संपल्यावर माझ्या मुलाने विचारलं, ‘बाबा, आपल्याकडे पणजीचा फोटोच नाही, मग ती विरली का?’ मला काही सुचेना. गावी आत्याला फोन लावला, तिने त्याला पणजीच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा कुठे तो शांत झाला. मी तुमच्या जागी असतो तर वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबलो असतो.

वैजयंती_बालविभाग
देशपांडे, थांबण्यात गैर काहीच नाही. पण तारखेपेक्षा मुलीकडे बघून ठरवावं असं मला वाटतं. ती आजोबांचं नाव घेते, त्यांच्याशी बोलते, म्हणजे विषय तिच्यासाठी उघडा आहे. नाव काढलं की उठून जाणारं मूल असेल तर मी वर्षानेसुद्धा दाखवणार नाही.

मुक्ता_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. चिचारोनचं मला ट्रेलरवरून कधीच कळलं नसतं. आज मुलं झोपल्यावर आम्ही दोघं बघतो. अजून एक, धाकटा साडेतीन वर्षांचा आहे, ताई बघणार म्हटल्यावर तोही मांडीवर येऊन बसणार. चालेल ना?

वैजयंती_बालविभाग
या खेपेला नको. पावणेदोन तास त्याला निघणार नाहीत, आणि खड्ड्याचा प्रसंग त्याच्यासाठी फार होईल. त्या सकाळी त्याला बाबांबरोबर बागेत पाठवा. मुलगी मध्येच काही विचारेल तेव्हा तुमचं सगळं लक्ष तिच्याकडे हवं. आणि ती अर्ध्यात ‘बंद कर’ म्हणाली तर का ते न विचारता बंद करा, उरलेला पुढे कधीतरी बघता येईल.