गटाने मिळून आखणीविना गोधडी कशी शिवावी?

प्रश्न: आमच्या महिला मंडळाला वृद्धाश्रमासाठी ठरीव नक्षीशिवाय, हाताला येतील ते तुकडे जोडून गोधडी शिवायची आहे, प्रत्येकीचा हात वेगळा असताना ती एकसंध कशी दिसेल?

उत्तर १: तुकडे कसेही जोडा, मात्र प्रत्येकीने आपला चौकोन शेवटी १२.५ इंचांवर कापावा आणि शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंचच सोडावा, म्हणजे जोडल्यावर तो नेमका १२ इंचांचा उरतो. एखादा गडद रंग सर्व चौकोनांत ठेवावा.

उत्तर २: अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या; त्यांतल्या तिरक्या रेषाच मला सर्वांत देखण्या वाटतात, तेव्हा प्रत्येकीचा हात वेगळा दिसला तरी बिघडत नाही.

उत्तर ३: नवे सुती कापड आधी धुवावे, अन्यथा ते पुढे आटते आणि शेजारच्या जुन्या लुगड्याला चुण्या पडतात. धावदोरा जवळजवळ घालावा.