मदत हवी आहे: पावसात किंचाळणारा डिस्क ब्रेक

मंडळी, रोज कामाला सायकलनेच जातो. केबलवाले डिस्क ब्रेक आहेत, १६० मिमी रोटर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती), रेझिन पॅड (रोटरला दाबून धरणारे, राळेने बांधलेले). कोरड्या रस्त्यावर काही तक्रार नाही. रोटर ओला झाला की मात्र मागचा ब्रेक असा किंचाळतो की पुढचे लोक आपोआप बाजूला होतात (तेवढाच फायदा!). रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून झाला, पॅडवर पॉलिश पेपर फिरवून झाला. थोडे दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

सिंटर्ड पॅड (धातूची भुकटी दाबून-तापवून बनवलेले) पावसात जास्त टिकतात, पण माझ्या रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलंय. म्हणजे रोटरही बदला! त्यापेक्षा थेट हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक घ्यावेत का? पॅड झिजले तरी ते स्वतःच जुळवून घेतात. इथे आतला पॅड दरवेळी हातानेच पुढे सरकवावा लागतो. पण ब्लीडिंग (ब्रेकच्या नळीतली हवा काढणं) घरी जमतं का?