मदत हवी आहे: थॅलेसेमियाच्या भाच्याला अँटिबॉडी झाल्यात, जुळणारं रक्त ठाणे-नवी मुंबईत नियमित कसं मिळवायचं?

नमस्कार. मजकूर जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझा भाचा 9 वर्षांचा आहे, राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीर पुरेसं हिमोग्लोबिन बनवत नाही असा जन्मजात आजार. वर्षाचा व्हायच्या आतच त्याला रक्त सुरू झालं, सध्या दर तीन आठवड्यांनी लागतं. गट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे आजवर रक्तासाठी कधी अडून राहावं लागलं नव्हतं. ताई-भाऊजींनी त्याचं सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय. रक्ताच्या एकेका बॅगेतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते आपणहून बाहेर टाकता येत नाही, म्हणून लोह उतरवायची गोळी रोज ठरल्या वेळेला. फेरिटिनचे (अंगातल्या लोहाच्या साठ्याचं माप) सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावलेले.

गेल्या खेपेला रक्त चढवलं आणि आठवडा होतोय तोवर पोरगं एकदम मलूल झालं. डोळे पिवळे, लघवी गडद तपकिरी. तपासलं तर हिमोग्लोबिन रक्त चढवण्याआधी होतं त्याच्याही खाली गेलेलं. आधी एका दवाखान्यात कावीळ म्हणून औषधं दिली. त्याच्या नेहमीच्या रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी मात्र बघताक्षणी कूम्ब्स चाचणी (लाल पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते बघणारी) करायला सांगितली. ती पॉझिटिव्ह आली. पुढे अँटिबॉडीची ओळख पटवली तर दोन निघाल्या: अँटि-स्मॉल सी आणि अँटि-बिग ई, म्हणजे इंग्रजी लहान c आणि मोठा E या रक्तगटाच्या खुणांविरुद्धच्या.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. लाल पेशींवर ए, बी आणि आरएच डी यांच्याखेरीज आणखी कितीतरी अँटिजेन (पेशीवरच्या ओळखीच्या खुणा) असतात. सारखं परकं रक्त घेणाऱ्या मुलांच्या शरीराला त्यातला एखादा अँटिजेन 'आपला नाही' म्हणून कळतो, आणि मग ते त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. पुढच्या वेळी तो अँटिजेन असलेलं रक्त आलं की त्या पेशी फोडल्या जातात, दिलेलं रक्त वाया जातं आणि मुलगा आजारी पडतो ते वेगळंच. यापुढे त्याला बी पॉझिटिव्ह एवढ्यावर भागणार नाही. स्मॉल सी नाही, बिग ई नाही असंच रक्त पाहिजे, आणि तेही जन्मभर.

यानंतरची बॅग मिळायला फार वेळ गेला. रक्तपेढीत बी पॉझिटिव्हचा साठा आधीच कमी, त्यात एक बॅग लावून बघा, जुळत नाही, दुसरी लावा. ताई बाहेर बाकावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि जिना चढायचं म्हटलं तरी त्याला धाप लागत होती. तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून हा धागा.

मी, भाऊजी, त्यांचे दोघे भाऊ, आम्ही सगळे रक्त द्यायला तयार होतो. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पुढेमागे बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तर जवळच्या नातलगांचं रक्त आधी घेतलेलं नसावं, कारण त्यांच्या एचएलएविरुद्ध (ट्रान्सप्लांटसाठी जुळवायच्या पेशींवरच्या खुणा) शरीर तयार होऊन बसलं तर नवा मॅरो नाकारला जाण्याची भीती वाढते. शिवाय रक्ताच्या नात्यातलं रक्त किरणोत्सर्ग दिल्याशिवाय चढवणं धोक्याचं. सख्खा मामा असून मी भाच्याला रक्त देऊ शकत नाही, हे मनाला लावून घेण्यात अर्थ नाही हे कळतं. पण मग बाहेरचे दाते उभे करणं तरी माझ्या हातात आहे, ते कसं करायचं ते सांगा.

त्याच्या पेशींची पूर्ण तपासणी (डॉक्टर 'एक्स्टेंडेड फिनोटाइप' म्हणाले) कुठे होईल? ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यातल्या रक्तपेढ्या असं निवडून काढलेलं रक्त आधी सांगून ठेवलं तर देतात का? आणि आम्ही स्वतः दाते गोळा केले तर त्यांचं टायपिंग (पेशींवर कोणते अँटिजेन आहेत ते तपासणं) कोण करतं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मासुंदाकाठ:
वाचून वाईट वाटलं. एक सुचवतो, ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना? माझे दोन मित्र ओ निगेटिव्ह आहेत, कधीही फोन करा.

तिसरीपाळी:
मी नवी मुंबईत एका रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. मासुंदाकाठ, तुमची तळमळ कळते, पण या मुलाला ओ निगेटिव्ह अजिबात देऊ नका. निगेटिव्ह याचा अर्थ फक्त डी अँटिजेन नाही. आरएच निगेटिव्ह माणसांत जवळपास सगळ्यांकडे स्मॉल सी असतोच, आणि ह्याची अँटिबॉडी नेमकी त्याच्याच विरुद्ध आहे. अपघात विभागात जे रक्त जीव वाचवतं तेच इथे घातक ठरेल.

धागाकर्ते, आता थोडा धीर देणारं सांगतो. मुलाला स्मॉल सी आणि बिग ई या दोन्हींच्या अँटिबॉडी झाल्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पेशी बहुधा बिग सी-बिग सी, स्मॉल ई-स्मॉल ई असणार, म्हणजे त्यांवर स्मॉल सी आणि बिग ई नसणार. हा प्रकार आपल्याकडे दुर्मिळ नाही, साधारण दहातल्या चौघांमध्ये सापडतो. रक्त आपल्या फ्रिजमध्ये असतंच, कोणती बॅग ती हे कोणी तपासून लिहून ठेवलेलं नसतं. बिग सी, स्मॉल सी, बिग ई, स्मॉल ई आणि केल (लाल पेशींवरचा आणखी एक अँटिजेन) हे पाचही एका जेल कार्डावर (जेल भरलेल्या बारीक नळ्यांचं तपासणीचं कार्ड) थोड्या वेळात तपासता येतात. थॅलेसेमियाच्या मुलांना पहिल्या बॅगेपासूनच हे पाच जुळवून रक्त द्यावं असं थॅलेसेमिया इंटरनॅशनल फेडरेशनचं सांगणं आहे. खर्च आणि मनुष्यबळ या दोन कारणांनी बऱ्याच ठिकाणी ते होत नाही, आणि याची मला रोज बोचणी लागते.

दुसरं, फार महत्त्वाचं. अँटिबॉडी काही महिन्यांनी रक्तातून दिसेनाशी होते. मग कुठेतरी अँटिबॉडीचं स्क्रीनिंग निगेटिव्ह येतं, साध्या सलाइन क्रॉसमॅचला (बॅग रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघण्याची साधी चाचणी, जिला अशी अँटिबॉडी सापडत नाही) बॅग जुळते आणि रक्त लागतं. शरीर मात्र विसरलेलं नसतं. पाच-दहा दिवसांत तेच पिवळे डोळे, तीच लघवी. म्हणून अँटिबॉडीचा रिपोर्ट लॅमिनेट करा, एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक शाळेच्या दप्तरात. नव्या रक्तपेढीत गेल्यावर आधी तो दाखवायचा आणि 'कूम्ब्स क्रॉसमॅच करा' असं स्पष्ट सांगायचं. सॅम्पल दर वेळी ताजं द्या, तीन दिवसांपेक्षा जुनं चालत नाही.

पारसिक:
तपासणीसाठी परळला जा. केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, लोक तिला एनआयआयएच म्हणतात. 1957 साली ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झाली, रक्तगटांवरच्या संशोधनाचं देशातलं मोठं ठिकाण. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याची पहिली नोंद केली तो 'बॉम्बे' रक्तगट आपल्या मुंबईतलाच, त्यामुळे या विषयाची इथे जुनी परंपरा आहे. दुर्मिळ गटाच्या दात्यांची नोंदही ही संस्था ठेवते.

तुमच्या भाच्याच्या बाबतीत एक मेख आहे. त्याच्या अंगात सतत दुसऱ्यांचं रक्त असल्यामुळे साध्या पद्धतीने टायपिंग केलं तर त्याच्या आणि दात्याच्या पेशी मिसळलेल्या दिसतात, उत्तर गोंधळाचं येतं. अशा वेळी डीएनएवरून रक्तगट काढतात. डॉक्टरांकडून पत्र घ्या, त्यात आजवरच्या रक्ताचा इतिहास, शेवटची बॅग कधी लागली ते आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट हवा. सॅम्पल कोणत्या ट्यूबमध्ये आणि कोणत्या वेळेत द्यायचं ते आधी विचारून मगच ठाण्याहून गाडी पकडा. मुलाला उगाच गर्दीच्या लोकलमध्ये ओढत नेऊ नका.

वाशीची आई:
माझी लेक 16 वर्षांची आहे, तीही मेजर. तिला केलची अँटिबॉडी आहे. केल आपल्याकडे फार थोड्यांना असतो, म्हणून आमचं त्या मानाने लवकर जमतं. तुमचं काम जास्त आहे, पण होतं.

आम्ही काय केलं सांगते. आधी एकच रक्तपेढी धरली. सगळीकडे फिरत राहिलात तर कुणाकडेच मुलाची पूर्ण नोंद राहत नाही. तिथल्या डॉक्टरांना भेटून वर्षभराच्या तारखा कॅलेंडरवर लिहून दिल्या. दर तीन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला 17 वेळा, आणि मुलगा वाढेल तशी कधी एक, कधी दोन बॅगा. पुरुष तीन महिन्यांनी आणि बाई चार महिन्यांनी रक्त देऊ शकते, पण कुणाला सर्दी, कुणाची औषधं, कुणी गावाला. म्हणून जुळणारे 12 ते 15 दाते तरी हातात हवेत. दहात चार म्हणतात त्या हिशेबाने 30-40 जणांचं टायपिंग करून घ्यावं लागेल. आमच्या सोसायटीचं गणपती मंडळ, माझ्या मिस्टरांचं एपीएमसीतलं ऑफिस, लेकीच्या शाळेतले पालक, असे मिळून झाले.

दात्याला ट्रान्सफ्यूजनच्या दिवशी बोलावून उपयोग नसतो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या तपासण्या होऊन पेशी वेगळ्या काढेपर्यंत वेळ लागतो, दोन-तीन दिवस आधी रक्त दिलेलं असावं. मे महिना आणि पावसाळा यांची तयारी आधीपासून करा. मे मध्ये कॉलेजं बंद, शिबिरं कमी. पावसाळ्यात अर्धे दाते तापाने पडलेले, आणि मलेरिया झालेल्याला बरं झाल्यावरही तीन महिने थांबावं लागतं.

पैशांचं थोडक्यात: थॅलेसेमियाच्या मुलांना सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत आहे आणि बदली दाता मागायचा नसतो. 2016 च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे, प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. ट्रान्सप्लांटसाठी कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, 10 लाखांपर्यंत मदत मिळते, डॉक्टरांना विचारा. भाच्याला भावंड आहे का? सख्ख्या भावंडाचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

आणि ताईला सांगा, मला फोन करायला काहीच हरकत नाही. नंबर निरोपातून पाठवते. रात्री उशिरा केला तरी चालेल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला मोठी बहीण आहे, तिचं एचएलए अजून केलेलं नाही, या वेळी डॉक्टरांकडे तो विषय काढतो. परळसाठी पत्र मागितलंय. ताईला वाशीच्या ताईंचा निरोप वाचून दाखवला, ती लगेच फोन करते म्हणाली.

तिसरीपाळी, एकच शंका. दाते फक्त बी पॉझिटिव्हच गोळा करायचे का?

तिसरीपाळी:
नाही, ओ पॉझिटिव्हही घ्या. त्याला पॅक्ड सेल्स (प्लाझ्मा काढून घेतलेल्या लाल पेशी) लागतात, त्यात ओ गटाच्या पेशी चालतात. बी आणि ओ हे दोन्ही गट आपल्याकडे भरपूर आहेत, त्यामुळे तुमची यादी लवकर भरेल. फक्त स्मॉल सी आणि बिग ई नाहीत हे आधी तपासायचं. शिबिरातच टायपिंग होत नाही. शिबिर घेणाऱ्या रक्तपेढीशी आधी बोलून ठेवा, म्हणजे तिथले बी आणि ओ नमुने नंतर लॅबमध्ये कार्डावर लावता येतील, आणि जुळणाऱ्या दात्यांना विचारून त्यांची नावं वेगळ्या वहीत ठेवता येतील. त्या वहीचा उपयोग तुमच्या भाच्याबरोबर आणखी चार मुलांना होईल.

धागाकर्ता:
मग इथेच मागतो. ठाणे ते पनवेल पट्ट्यातले बी पॉझिटिव्ह किंवा ओ पॉझिटिव्ह असाल, वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर आणि तब्येत ठणठणीत असेल, तर मला खाजगी निरोप करा. सुरुवातीला फक्त टायपिंगपुरतं थोडं रक्त द्यायचंय. तुमचं जुळलं तर वर्षातून दोनदा आलात तरी आम्हाला पुष्कळ आहे. येण्याजाण्याची सोय मी करतो. एखाद्या ऑफिसात किंवा मंडळात शिबिर ठरत असेल तर तारीख पक्की व्हायच्या आधी कळवा, म्हणजे मी रक्तपेढीशी टायपिंगचं बोलून ठेवेन.