मदत हवी आहे: तिकिटं खपली नाहीत तर फरक मी भरायचा?

गिटारवाली: खारमधल्या एका कॅफेत पुढच्या शनिवारी माझा तासाभराचा शो ठरतोय. मालक म्हणतो 40 तिकिटं खपली पाहिजेत, कमी पडली तर फरक तुझ्या खिशातून. इन्स्टावर रील बऱ्या चालतात, पण पैसे मोजून कोण येईल? हो म्हणू की नको? उद्या दुपारी कळवायचंय, पटापट सांगा.

खडाष्टक: गाणी स्वतःची की कव्हर? मराठी की हिंदी? तिकीट केवढ्याचं? काहीच लिहायचं नाही आणि वर पटापट.

सूरपेटी: आधी गुरूकडे बसून गळा तयार करा. हल्ली तीन कॉर्ड आले की लगेच शो.

गिटारवाली: काका, गळ्याचं विचारलेलं नाही. शब्द-चाल माझीच, मराठी पॉप. तिकीट 399.

लूप_पेडल: कॅफे सोड. नवं गाणं स्पॉटिफायवर टाक, प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी त्यांच्या एडिटरना प्लेलिस्टसाठी पिच कर. मी तेच करतो.

खडाष्टक: आणि मिळतं काय? 2024 पासून 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा छदामही नाही.

लूप_पेडल: पैशांचं कोण बोलतंय? कुठल्या शहरात ऐकतात ते तिथे दिसतं. ऐकणारे पुण्याचे निघाले तर खारमध्ये 40 कुठून आणणार?

शेवटची_कर्जत: राहतेस कुठे? येणारी मंडळी कुठली?

गिटारवाली: डोंबिवली. मंडळीही तिकडचीच.

शेवटची_कर्जत: मग बोंबला! दादरला पूल चढून गाडी बदलायची. शेवटच्या गाण्याला अर्धी जनता लोकलच्या वेळा बघायला एम-इंडिकेटर उघडून बसते. सातला सुरू करायला लाव.

हक्काचं_बोला: आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेतलंस का? 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा म्युझिक कंपनीला लिहून घेता येत नाही.

खडाष्टक: अहो, तिला कॅफेवाला छळतोय, कंपनी नाही. गिटारवाली, ते 399 खाण्यापिण्यात वळते होतात का?

गिटारवाली: हो, पूर्ण.

खडाष्टक: म्हणजे आलेला माणूस 399 चं खाणार, न आलेल्याचे तू भरणार आणि त्याची प्लेटही लागणार नाही. खुर्ची रिकामी राहिली तर त्याचा जास्त फायदा! हमी द्यायचीच तर 15 च्या वर नको. त्यापुढच्या प्रत्येक तिकिटात वाटा माग आणि व्हॉट्सॲपवर लिहून घे.

गिरगाव_चाळ: आमच्या गणपतीत गा. तिकीट नाही, पण मंडप भरलेला असतो.

सूरपेटी: तिथे पॉप? आरती तरी येते का?

गिटारवाली: आत्ता फोन केला. 20 वर आला, सातची वेळही मान्य. वाट्याचं मात्र 'बघू'. आणि आता म्हणतो साउंडवाल्याचे 3000 तुझे. हे असंच असतं का?

लूप_पेडल: मिक्सर कुठला आहे त्याच्याकडे?