गेम नेमका कधी अडकतो? आपापले अनुभव सांगा

गेली दहा-बारा वर्षं मी कॉम्प्युटरवर गेम खेळतोय आणि ओळखीपाळखीतल्या मुलांची मशीन बघूनही देतो. तक्रार बहुतेकांची एकच असते, "दादा, गेम अडकतो." उपायही सगळ्यांच्या मनात एकच असतो, नवीन ग्राफिक्स कार्ड. त्यासाठी एखादा पोरगा वर्षभर पैसे साठवतो. लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणून बसवल्यावरही झटके तसेच राहिले की त्याचा उतरलेला चेहरा बघवत नाही. असं आणखी कोणाचं होऊ नये, म्हणून हा धागा काढतोय.

गेम सेकंदाला किती फ्रेमवर, म्हणजे किती चित्रांवर, चालतो यापेक्षा तो कधी अडकतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता ५९ फ्रेम भराभर आल्या आणि एकीनेच पाव सेकंद खाल्ला, तरी स्क्रीनच्या कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा ६०च दाखवणार. डोळ्याला मात्र तो झटका लागतोच. म्हणून आकडा सोडा आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याचा, आलेख लावा. त्यासाठीची एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचा रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. आलेखाची रेष उडी मारते त्या क्षणी प्रोसेसरचं तापमान, त्याचा क्लॉक (म्हणजे वेग), कार्डाची मेमरी, रॅम यांतलं काय हललं, ते बघा.

माझा अनुभव आधी सांगतो. मार्चमध्ये आम्ही गिरगावातली चाळ सोडून भांडुपला राहायला आलो. कॅबिनेट टेम्पोत गाद्यांच्या मध्ये आडवं टाकलं गेलं. नव्या घरी पहिल्याच रात्री गेम लावला तर पाच-सात मिनिटं ठीक, मग माणूस चिखलातून चालावा तसा सगळा खेळ जड झाला. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तेच. मीसुद्धा घाईच केली. रॅम कमी पडत असेल म्हणून ८ ची १६ जीबी केली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग आलेख लावला. माझा प्रोसेसर आय५-१०४००एफ. गेममध्ये तो ४ गीगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो. तापमान ९८, ९९, १०० अंश सेल्सिअस आणि १०० ला टेकलं की क्लॉक थेट २ च्या खाली. प्रोसेसर स्वतःला वाचवत होता. बाजूची पाटी काढून टॉर्च मारला. सोबत आलेल्या कूलरला चार कोपऱ्यांत चार पिना असतात, त्यांतली खालची डावी अर्धी वर आली होती. त्या कोपऱ्यात कूलर इतका उचलला गेला होता की फटीत पोस्टकार्ड सरकलं असतं. खालची पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) वाळून तिची खपली झाली होती. मदरबोर्ड बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवला, जुनी पेस्ट पुसली, मध्यभागी मुगाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा ठिपका नव्या पेस्टचा ठेवला आणि समोरासमोरच्या पिना जोडीने दाबल्या. चारही "टक" वाजल्या. त्या रात्री तासभर खेळूनही तापमान ७२ च्या वर गेलं नाही.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. गेम कोणता हे सांगितलं नाही तरी चालेल, पण किती मिनिटांनी अडकतो, एकाच ठिकाणी अडकतो का, पहिल्याच वेळी अडकतो की दर वेळी, हे जरूर लिहा.

वर्सोव्याहून

आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. इथे खिडकीचे गज, कुलपं, सायकलची साखळी, काहीच टिकत नाही. पावसाळ्यात एक दिवस अचानक गेम दर दहा-पंधरा सेकंदांनी थबकायला लागला. टास्क मॅनेजर उघडला तर १६ जीबीची रॅम ८ दिसत होती! दोनपैकी एक पट्टी मशीनला दिसेनाशीच झाली होती. गेमला जागा पुरेना, म्हणून तो सारखा डिस्ककडे धावत होता.

वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून ठेवलं आणि पट्टी बाहेर काढली. सोनेरी दातांवर काळपट थर होता. शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवला, कण ब्रशने झटकले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू दिलं. स्लॉटमध्ये मात्र खोडरबर किंवा कापूस घालू नका, तिथे फक्त कोरडा मऊ ब्रश. पुन्हा लावल्यावर १६ जीबी दिसली. तेव्हापासून जूनच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मी हे करतोच.

परळहून

माझं छोटंच आहे. मॉनिटरची केबल मी ग्राफिक्स कार्डाऐवजी वर मदरबोर्डच्या भोकात लावली होती. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स होतं, त्यामुळे चित्र येत होतं आणि संशयही आला नाही. चार महिने असाच खेळलो. केबल खाली कार्डाला लावली आणि सगळं बदललं. नवीन मशीन घेतलेल्यांनी आजच मागे वाकून बघा.

दादरहून

मी स्वतः गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, बारावीनंतर इंजिनिअरिंगला आहे. पण मशीन शेवटी मी साफ केलं, म्हणून लिहिते.

आमच्याकडे ते कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या खणात होतं. खणाला दार, मागे भिंत. शेजारीच स्वयंपाकघराचा दरवाजा आणि वर फळीवर देव. म्हणजे फोडणीचा धूर आणि उदबत्तीचा धूर, दोन्ही तिकडेच. एप्रिलपासून मुलगा म्हणायला लागला की दुपारी गेम अडकतो, रात्री उशिरा कमी अडकतो. मला वाटलं अभ्यास टाळायला काहीतरी सांगतोय. मग एक दिवस खणाचं दार उघडून आत हात घातला, तर तव्याजवळ हात नेल्यासारखी धग.

समोरची जाळी काढली. तिच्यावरची धूळ सुटी नव्हती, नमद्यासारखी जमून बसली होती आणि बोटाला चिकट लागत होती. एक्झॉस्ट फॅनवर बसते तशीच तेलकट. जाळी डिशवॉशच्या कोमट पाण्यात भिजवून धुतली आणि उन्हात वाळवली. आतल्या पंख्यांवर ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवला, कारण तो वाऱ्याने सुसाट फिरला तर खराब होऊ शकतो. आता डबा टेबलाच्या बाहेर, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाटावर असतो. मुलाने दाखवलेले आकडे असे: आधी कार्डाचं तापमान ८७, नंतर ७४. मुलाला खोटं पाडलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आयांनो, पोरं सांगतात तेव्हा एकदा हात लावून बघा.

विक्रोळीहून

काकू, तुमचा अनुभव आईला वाचून दाखवला!

माझ्याकडे वेगळं कार्डच नाही. रायझन ५ ५६००जी आहे आणि त्यातल्याच ग्राफिक्सवर खेळतो. अशा मशीनमध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. त्यामुळे रॅम एकाच पट्टीची असली की एका अरुंद बोळातून सगळी वाहतूक जाते. मी ८ जीबीची एक पट्टी घेतली होती. तशीच दुसरी आणून दोन्ही चॅनेल, म्हणजे रॅमच्या दोन्ही वाटा, चालू झाले तेव्हा फरक बघून मी घरातल्यांना हाका मारल्या. पट्ट्या शेजारी-शेजारी लावू नका. चार स्लॉट असतील तर बहुतेक मदरबोर्डवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा.

पट्टीवर ३२०० लिहिलेलं आणि टास्क मॅनेजरमध्ये २४०० दिसतंय, असंही माझ्याकडे होतं. रॅम आपणहून जाहीर केलेल्या वेगावर चालतेच असं नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. काही मदरबोर्डवर त्याच गोष्टीला डीओसीपी म्हणतात. पैसे शून्य.

मुलुंडहून

माझा त्रास सर्वांत विचित्र होता. तापमान नीट, रॅम नीट, डिस्क नीट. पण दिवसातून दोन-चारदा सगळं मशीन सेकंद-दोन सेकंद गोठायचं आणि आवाजही घरघरायचा. गेममध्येच नाही, गाणी ऐकतानाही. हा आवाज तुटण्याचा भाग लक्षात ठेवा, कारण नुसतं कार्ड दमलं तर सहसा आवाज तुटत नाही.

विंडोज ११ साठी टीपीएम, म्हणजे मशीनच्या सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, लागतो. काही प्रोसेसरमध्ये ते वेगळ्या चिपऐवजी फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) असतं, त्याला एफटीपीएम म्हणतात. ते मदरबोर्डवरच्या बायोसच्या मेमरीशी बोलायला गेलं की कधीकधी सगळंच थांबायचं. मार्च २०२२ मध्ये एएमडी या प्रोसेसर कंपनीने हे स्वतः मान्य केलं आणि त्या वर्षीच्या मे महिन्यापासून दुरुस्त बायोस येऊ लागले. माझा बायोस त्याआधीचा होता. अपडेट करताना मशीन यूपीएसवर ठेवलं, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी ते थांबवा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. माझ्या एका सहकाऱ्याने ते केलं नाही आणि स्वतःच्याच फायलींपुढे दोन दिवस ताटकळला.

प्रभादेवीहून

बरोबर दर दोन सेकंदांनी झटका, घड्याळ लावल्यासारखा. पंख्यांचे रंगीत दिवे बदलणारं सॉफ्टवेअर मागे चालू होतं आणि ते ठरावीक वेळाने सगळे सेन्सर वाचत होतं. ते काढलं, झटके गेले. झटक्याला ताल असला की आधी मागे काय चालू आहे ते बघा.

बोरिवलीहून

शेडरबद्दल, म्हणजे दृश्य रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामांबद्दल, लिहायला हवं, कारण त्यांचा झटका हा मशीनचा दोष नसूनही लोक मशीन उघडून बसतात. पहिल्यांदा स्फोट दिसला, पहिल्यांदा पाऊस पडला, नवीन शत्रू आला की तेवढाच एक झटका, आणि तेच दृश्य पुन्हा खेळलं तर गुळगुळीत. असं असेल तर त्या दृश्यासाठी लागणारे छोटे प्रोग्राम तुमच्या कार्डासाठी ऐन वेळी तयार होत असतात. डायरेक्टएक्स १२ (गेम आणि कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) वरच्या नव्या गेममध्ये हे फार दिसतं. सुरुवातीला गेम "शेडर तयार होत आहेत" म्हणून थांबवतो, ते मध्येच सोडून आत शिरू नका. उठून चहा करा. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला की ही तयारी पुन्हा होते, म्हणून अपडेटनंतरच्या पहिल्या तासावरून मत बनवू नका. आणि कोणी सांगितलं म्हणून दर आठवड्याला शेडर कॅशे, म्हणजे तयार शेडरचा साठा, पुसणं तर साफ चूक. केलेला स्वयंपाक फेकून रोज नव्याने चूल पेटवण्यासारखं आहे ते.

धागा काढणारा

बोरिवलीकर, मनापासून आभार. माझ्याकडे येणाऱ्यांतल्या कितीतरी मुलांचं दुखणं हेच निघतं. त्याला जोडून एक: चार जीबीचं कार्ड असेल तर बाकी सेटिंगआधी टेक्सचर (भिंती, जमीन, कपडे यांच्यावर चढवलेली चित्रं) यांचं सेटिंग खाली आणा. कार्डाची मेमरी भरली की माल रॅममधून ये-जा करतो आणि मान वळवली की झटका बसतो.

चेंबूरहून

ऑनलाइन गेममध्ये आधी बघा की चित्र अडकतंय की माणसं उड्या मारतायत. चित्र गुळगुळीत फिरतंय पण समोरचा खेळाडू इथून तिथे प्रकटतोय, तर ते नेटचं. मुंबईतल्या सर्व्हरवर एरवी माझा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, १० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. रात्री नऊनंतर तो १५० वर जायचा. आमच्या मजल्यावरच सोळा वायफाय दिसतात, सगळे त्याच २.४ गीगाहर्ट्‌झवर. भिंतीच्या कडेने लॅनची वायर ओढली आणि प्रश्न मिटला.

कुर्ल्याहून

माझा गेम मोकळ्या जगाचा आहे. पायी फिरताना ठीक चालायचा, गाडीवर बसून वेगाने निघालो की प्रत्येक चौकात अडकायचा. रस्ता पुढे तयारच नसायचा, इमारती नंतर उगवायच्या. गेम जुन्या हार्डडिस्कवर होता. ती मुळातच हळू, म्हणून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान, न फिरणारी डिस्क) घ्यायची हे ठरलेलं होतं, पण पगार व्हायचा होता.

इथल्यासारख्याच एका चर्चेत कोणी तरी सांगितलं होतं की अडकण्याच्या क्षणी कॅबिनेटला कान लावा. लावला. दर झटक्याला आतून बारीक "कट् कट्" येत होतं. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं तर डिस्कच्या नावापुढे पिवळा "कॉशन" आणि खराब झालेल्या सेक्टरचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा दर दिवशी वाढता.

त्याच डिस्कवर बाबांचे फोटो होते. ते गेले त्याला तीन वर्षं झाली आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. गेम तिथेच सोडला. मित्राकडून बाहेरची डिस्क मागून आणली आणि रात्रभर एकेक फोल्डर उतरवत बसलो. मध्येमध्ये डिस्क थांबायची, मग पुन्हा चालायची. पहाटे साडेचारला शेवटचा फोल्डर आला. अकरा फोटो उघडत नाहीत, बाकीचे सगळे आहेत. चार दिवसांनी ती डिस्क मशीनला दिसायचीच बंद झाली.