मालदीवची बोट २१ दिवस आधी रद्द. क्रेडिट नोट घ्यावी का?

सूरसागरकाठची
आमच्या घरात पाणी म्हणजे वडोदऱ्याचा सूरसागर तलाव, तोही रिक्षातून बघायचा. चाळिशीनंतर तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकले तेव्हा आईने एवढंच विचारलं, "याचा पगार मिळतो का?" असो. फेब्रुवारीत नवरा आणि मी मालदीवला ७ रात्रींच्या लिव्हअबोर्डवर (बोटीवरच राहायचं, तिथूनच डाइव्ह करायचे) जाणार होतो. माणशी १,६०,००० रुपये, निम्मे भरलेत. वडोदरा-मुंबई-माले तिकिटं वेगळी काढली, रद्द केली तर एक पैसा परत नाही. काल मेल आला, इंजिनाचं काम निघालं, ट्रिप रद्द. पुढच्या वर्षीची क्रेडिट नोट घ्या (म्हणजे रोख परत नाही, भरलेले पैसे पुढच्या ट्रिपला वळते) नाहीतर त्याच तारखांना दुसरी बोट. बोटीचं नाव विचारलं, तर गप्प. काय करू?

मकरपुरा_७७
क्रेडिट नोट नको! पुढच्या वर्षी कंपनीच नसली तर त्या कागदात लीलो चेवडो बांधायचा. कार्डाने भरलेत ना? रिफंड लेखी मागा, टाळाटाळ केली तर बँकेत चार्जबॅक टाका, म्हणजे कार्डाने गेलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. त्याला मुदत असते, थांबू नका.

रावपुऱ्याचे काका
ताई, माझी थायलंडच्या सिमिलन बेटांची ट्रिप अशीच गेली. तिथलं सागरी उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं आणि बोटी त्या दिवसांत दुरुस्तीला चढवतात. मी हौसेने मोसमाची पहिली फेरी घेतली. गोदीचं काम लांबलं आणि आम्ही घरी. तेव्हापासून पहिली फेरी घेत नाही.

आणखी एक, विकणारा वेगळा आणि बोटमालक वेगळा असतो. मी आधी विचारतो, बोट कुणाची, किमान किती माणसं जमली तर निघते, आज किती पक्की झालीत. महिनाभरावर तारीख आली आणि अर्ध्या किमतीत विकतायत, तर माणसं जमलेली नाहीत असं समजायचं. तुम्ही रद्द केलंत तर किती कापणार याची पानं भरलेली असतात; त्यांनी रद्द केलं तर काय, ती ओळ शोधा. इन्शुरन्सवर विसंबू नका. तुमचं आजारपण भरून देतील, त्यांचं इंजिन बहुतेक नाही.

नाव न सांगितलेल्या बोटीवर मात्र फुकट नेलं तरी जाऊ नका. २०१९ साली कॅलिफोर्नियात 'कन्सेप्शन' बोट रात्री पेटली, ३४ माणसं गेली. खालच्या झोपायच्या खोलीतून दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या एकाच दालनात निघत होत्या, आणि आग तिथेच. फिरता पहारा नव्हता. म्हणून मी विचारतो, रात्री जागं कोण असतं, दुसरी वाट कुठे उघडते? चिडला तर तोच माझा निकाल.

इंदूरी_पोहे
काका, एवढं विचारलं तर आमच्यासारख्यांना कोण नेणार, भिया! माझी छोट्या ऑपरेटरची बोट रद्द झाली होती, आठवड्यात पैसे आले. लहान म्हणजे लबाड असं नसतं.
ताई, तिकिटं वाया कशाला घालवता? मालदीवच्याच दक्षिण आरी भागातल्या धिगुराह बेटावर गेस्टहाऊस घ्या, रोज बोटीने डाइव्हला जाता येतं. तिथे व्हेल शार्क वर्षभर असतात.

सूरसागरकाठची
कार्डानेच भरलेत. रिफंडचा मेल आत्ताच टाकला. बोटीचं नाव अजून आलं नाही, त्यामुळे तो पर्याय संपला. धिगुराहचं नवऱ्याला पटलंय. आईला सांगितलं, रात्री जमिनीवर झोपणार. म्हणाली, "मग जा."